मधलीची चोवीस गिऱ्हाइकं

मधलीला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता जवळपास कुणी उरलेलं नाही. एक भाऊ वर, एक भाऊ खाली, म्हणून बापाने लहानपणी गंमतीने मधली म्हटलं आणि ते जन्माचं चिकटलं. बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तरी मधलीच. बापाला त्यात काही भविष्य दिसलं असेल असं समजू नका. तो बिचारा ब्रश बनवत होता. कपड्यांचे ब्रश, बुटांचे ब्रश, बाटल्या घासायचे लांब मानेचे ब्रश. लाकडी दांड्याला भोकं पाडायची, केसांचा झुबका तारेने आत ओढायचा, वरून कातरीने सारखा करायचा, आणि शेवटी तापवलेल्या लोखंडी ठशाने दांड्यावर घराची खूण उठवायची. त्या ठशाचा वास तीन खोल्यांत भरून राहायचा. मधलीला अजून कुठे लाकूड जळालं की बाप आठवतो.

बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने ड्रॉवरमधून ठसा काढून खिशात टाकला. थोरल्याने कारखान्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. झालं. एकाकडे कारखाना, पण ठसा नाही. दुसऱ्याकडे ठसा, पण कारखाना नाही. दोघांत थोडी जरी अक्कल असती तरी एका दुपारीत मिटलं असतं. पण सख्खे भाऊ पक्के वैरी, आणि अक्कल ही वस्तू त्या घरात बापाबरोबरच गेली होती. धाकट्याने दुसऱ्या गल्लीत भाड्याची जागा घेऊन नवा कारखाना थाटला. थोरल्याने ठशाविना ब्रश विकायला घेतले आणि वर पाटी लावली, ‘मूळ दुकान’. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

आई थोरल्याकडे राहिली, कारण तिचा पलंग तिथे होता. आणि थोरल्याने उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं, “त्या चोराशी ज्याचा संबंध, त्याला माझ्या घराची पायरी बंद.” हे तो मधलीकडे बघून बोलला. मधलीने मान हलवली. एकटा जीव, दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या खोलीत राहणारी. लग्न केलं नाही की झालं नाही हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. तिच्या आठवड्यात एकच तास असा होता जो तिला कशासाठीही सोडायचा नव्हता. रविवारी अकरा वाजता थोरल्याकडे जायचं, आईच्या पलंगाशी स्टूल ओढायचं आणि तिची नखं कापायची. आईची नखं जाड, पिवळी, शिंगासारखी. कोमट पाण्यात बोटं भिजवावी लागत. त्या तासात आई जगाला नावं ठेवायची आणि मधली ऐकायची.

तर असा हा तास, आणि तो टिकवायचा म्हणजे धाकट्याचं तोंड बघायचं नाही. मधलीने काय करावं? तिने दोघांचंही काम धरलं.

आता ते काम काय, ते नीट सांगायला हवं. मधली आधी एका कचेरीत होती, जिथे सहा बायका सहा टेबलांवर बसून लोकांची ऑनलाइन दुकानं चालवायच्या. दुकानदार वेगळे, पण बाजार एकाच मोठ्या कंपनीचा. त्या कंपनीचा नियम कडक: एका माणसाचं एकच दुकान. एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच पत्त्यावरून दोन दुकानं उघडलेली दिसली की ती दोन्ही एकाचीच समजायची आणि दोन्ही बंद. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, कंपनीतल्या यंत्राला तोंड नाही आणि कानही नाहीत. म्हणून कचेरीत प्रत्येक दुकानासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल असायचं. एकाच कॉम्प्युटरवर, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या खिडक्या. एकीत काय टाइप केलं ते दुसरीला कळत नाही, जशी एकाच चाळीत दोन खोल्यांतली बिऱ्हाडं. आणि प्रत्येक खिडकीला वेगळी प्रॉक्सी, म्हणजे बाहेर जाताना वेगळ्या दाराने जायचं. पत्र टाकलं या गल्लीत, पण शिक्का मात्र भलत्याच गावचा. मधली हे काम चार महिन्यांत अशी शिकली की कचेरीतली मुख्य बाई तिला विचारून करायची.

कचेरी बंद पडली तेव्हा मधलीने आपल्या खोलीतच टेबल मांडलं. पहिला आला थोरला. “माझं दुकान ऑनलाइन टाक. घरचं माणूस असताना बाहेरच्याला कशाला?” पंधरा दिवसांनी, गल्लीच्या मागच्या बाजूने, आला धाकटा. “ताई, तू नाही करणार तर कोण करेल?” ताई म्हटलं की मधली विरघळते, हे त्या लबाडाला दुधाच्या दातांपासून माहीत. तिने दोघांना हो म्हटलं आणि दोघांना एकमेकांचं सांगितलं नाही.

त्या खोलीत तिने दोन खुर्च्या ठेवल्या. लाकडी खुर्ची थोरल्याची, प्लास्टिकची धाकट्याची. थोरल्याच्या खिडकीला निळी पट्टी, धाकट्याच्या हिरवी. एकाचं काम संपलं की उठायचं, हात धुवायचे, पाणी प्यायचं, मगच दुसऱ्या खुर्चीवर बसायचं. कामाचे फोनही दोन, तिचा स्वतःचा वेगळा. कचेरीतली मुख्य बाई म्हणायची, यंत्र चुकत नाही, चुकतो तो आपला हात. म्हणून हाताला सवय लावा. मधलीने लावली.

इथवर सगळं सरळ होतं. मग थोरल्याच्या डोक्यात किडा वळवळला.

“त्याच्या ब्रशला वाईट रिव्ह्यू टाकायचे,” तो म्हणाला. “बारा गिऱ्हाइकं तयार कर. केस गळतात म्हणून लिही. दांडा मोडला म्हणून लिही. बाजारातून उठला पाहिजे तो.”

“दादा, रिव्ह्यू टाकायचा तर आधी वस्तू विकत घ्यावी लागते.”

“घे! माझ्या खर्चाने घे!”

महिना उलटायच्या आत धाकट्याने तीच फर्माईश केली, जवळपास त्याच शब्दांत. एका आईच्या पोटची, दुसरं काय. मधलीने दोघांनाही हो म्हटलं. अशी तिची चोवीस गिऱ्हाइकं जन्माला आली. चोवीस प्रोफाइलं, चोवीस प्रॉक्सी, चोवीस खोटी माणसं. आणि कुणी हसू नका, पण त्यानंतर चार वर्षं हे दोन भाऊ एकमेकांची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं होते. थोरला दर महिन्याला धाकट्याचे ब्रश विकत घेई, धाकटा थोरल्याचे. पार्सलं वेगवेगळ्या किराणा दुकानांच्या पत्त्यावर येऊन पडत, मधली पिशवी घेऊन एकेक आणत असे आणि खाटेखाली कोंबत असे. खाट पुढे पुढे जमिनीपासून वर उचलल्यासारखी दिसायला लागली.

गिऱ्हाइकांची तिने एक वही केली होती. पहिलं, निवृत्त मास्तर, कुरकुऱ्या, बुटांना रोज पॉलिश करणारा. दुसरी, नवी नवरी, सासूला घाबरणारी. सातवा, चाळीस वर्षं एकटा राहिलेला माणूस. या सातव्याने एकदा बाळाची दुधाची बाटली घासायचा ब्रश घेतला आणि मधलीच्या लक्षात आलं की हे बरं दिसत नाही, तेव्हा तिने त्याच्याकडे भाची आणि भाचीचं बाळ राहायला पाठवलं. पुढे त्या बाळाला दात आले तेही तिने वहीत लिहून ठेवलं. कामाला कामच म्हणायचं, पण माणूस एकटं असलं की असं होतं.

आणि तिने काय लिहिलं? ‘ब्रश बरा आहे. दांडा हातात जरा लहान वाटतो.’ तीन तारे. ‘केस थोडे कडक आहेत, पण काम होतं.’ तीन तारे. चार वर्षांत मधलीने दोन्ही बाजूंनी एकही रिव्ह्यू तीनच्या खाली जाऊ दिला नाही. थोरला फोनवर ओरडायचा, “हे काय मुळमुळीत! ही शिवी आहे की आशीर्वाद?” ती शांतपणे सांगायची, “दादा, एकदम एक तारा दिला की कंपनीला संशय येतो.” तेच धाकट्याला. दोघांना वाटायचं, शत्रूला मार बसतोय. आणि मधली मनातल्या मनात फुशारायची की या घरातलं भांडण माझ्या मुठीत आहे, मी आहे म्हणून रक्त निघत नाही. घ्या! आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात ही स्वतःला दाताचा डॉक्टर समजत होती. तिला कुणी सांगायला हवं होतं की मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडची कोपरं लागतात. पण सांगणार कोण? एकटी राहणारी बाई स्वतःचंच ऐकते.

मग तो रविवार आला.

आईचा डावा हात झाला होता. उजव्याची चार बोटं झाली होती. अंगठा पाण्यात भिजत होता. आई अचानक कुजबुजली, “धाकट्याची पोर कशी दिसते गं आता?”

“छान दिसते.”

“छान म्हणजे? शब्द नको मला. दाखव.”

मधलीने दाराकडे बघितलं. वहिनी स्वयंपाकघरात होती, थोरला पुढच्या खोलीत फोनवर दुकानाच्या ऑर्डरी बघत होता. धाकट्याने आदल्याच दिवशी मुलीचा एक फोटो पाठवून दुकानात चढवायला सांगितला होता. पोर खिडकीशी बसून बापाने बनवलेल्या नव्या ब्रशाने कोट झटकत होती. फोटो धाकट्याच्या दुकानाच्या आत, अजून लोकांना न दिसणारा. धाकट्याच्या दुकानाचा फोन पिशवीत होता. तिच्या स्वतःच्या फोनसारखाच तोही आईला गाणी ऐकवायला म्हणून कधीतरी या घराच्या वायफायला जोडलेला होता. प्रॉक्सी चालू करायला अर्धं मिनिट लागलं असतं. हात धुवायला, पाणी प्यायला, खुर्ची बदलायला इथे काही नव्हतंच. मधलीने फोन काढला आणि धाकट्याचं दुकान, थोरल्याच्या घरात बसून, थोरल्याच्याच वायफायवरून उघडलं.

आईने फोन डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ धरला. “हनुवटी माझी आहे,” ती म्हणाली. “बाकी सगळी आईवर गेलीय, पण हनुवटी माझी.”

स्वयंपाकघरातून वहिनीची पावलं आली. मधलीने फोन पिशवीत टाकला, पाण्याचं भांडं उचललं, “येते आई,” म्हणाली आणि निघाली. अंगठा राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन्ही दुकानं बंद. लाकडी खुर्चीवरचा फोन वाजला, तो उचलते तोवर प्लास्टिकच्या खुर्चीवरचा. कंपनीने दोघांना एकसारखं पत्र पाठवलं होतं: तुमचं दुकान आणि पुढील दुकान एकाच जागेवरून चालतात असं आढळलं आहे. खाली एकमेकांच्या दुकानांची नावं. त्याखाली चोवीस गिऱ्हाइकांची यादी, निवृत्त मास्तरापासून भाचीवाल्यापर्यंत. यंत्राने एक धागा ओढला होता आणि सगळी वीण उसवली होती.

“माझ्या पत्रात त्या चोराचं नाव काय करतंय?” थोरला म्हणाला.

“ताई, दादाच्या घरातून माझं दुकान कुणी उघडलं?” धाकटा म्हणाला.

मधलीने दोघांना सांगितलं, “बघते.” आणि भिंतीकडे बघत बसली. दुकानांचं तिला काही नव्हतं, दुकानं ती चार दिवसांत उघडू शकत होती. तिला रविवार दिसत होता.

दुपारी थोरल्याने धाकट्याला फोन केला. नऊ वर्षांत पहिला. शिव्या द्यायलाच केला, पण शिव्या देता देता दोघांनी आपापली पत्रं वाचून दाखवली, आणि मग गिऱ्हाइकांची नावं, आणि मग तीन-तीन तारे. तासाभराने दोघांच्या तोंडी एकच नाव आलं, मधली. एवढा वेळ दोघं एका गोष्टीवर एकमत होऊन बोलले असं लग्नकार्यातही कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी मधलीला बोलावणं आलं. थोरल्याच्या दाराशी तिने धाकट्याचे बूट बघितले. टाच एका बाजूला झिजलेली, लहानपणापासून तो तसाच चालतो. तिला क्षणभर इतका आनंद झाला की आपल्याला कशासाठी बोलावलंय तेच ती विसरली.

दोघं एका बाजूला बसले होते. थोरल्याच्या हातात छापलेली यादी.

“हा मास्तर?”

“मीच.”

“ही नवी नवरी?”

“मीच, दादा.”

“आणि ज्याने माझ्या ब्रशला ‘पूर्वीची सर नाही’ म्हटलं तो?”

“तोही मीच. पण तीन तारे दिले होते.”

“तीन तारे!” धाकटा टेबलावर हात आपटून ओरडला. “मी तुला घरची समजून पोटातलं सांगितलं, आणि तू तिकडे बसून माझ्याच नावाने खडे फोडत होतीस?”

“तुझ्याच सांगण्यावरून दादाच्याही नावाने फोडले ना?”

हे बोलायला नको होतं. खरं बोलायलाच नको होतं, त्या खोलीत खऱ्याला जागा नव्हती. दोघांनी ज्या लढाया करायला सांगितल्या होत्या त्या दोघांच्याही लक्षातून गेल्या. उरली फक्त लढणारी. थोरला म्हणाला, “नऊ वर्षं आमच्यात आग कोण लावत होतं ते आज कळलं.” आणि धाकट्याने, दुधाच्या दातांपासून ताई ताई करणाऱ्याने, मान डोलावली. लाज नावाची गोष्ट असती तर त्या मानेने डोलायला नकार दिला असता.

दुकानं उघडायचं पत्र मात्र मधलीलाच लिहावं लागलं, कारण असली पत्रं त्या तिघांत तिलाच लिहिता यायची. कचेरीत तिने शंभर लिहिली होती. कंपनी एकच कारण मानते: बाहेरच्या नोकराने आम्हाला न विचारता गैरवापर केला, त्याला काढलं आहे. ती टाइप करत गेली. शेवटी कंपनीचा एक प्रश्न होता आणि त्यापुढे दोन चौकोन. सदर व्यक्ती दुकानदाराची नातेवाईक आहे का? होय. नाही.

मधलीचा हात थांबला. “‘होय’वर खूण केली तर दुकान उघडत नाही,” ती म्हणाली.

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं.

“मग थांबलीस कशाला?” थोरला म्हणाला. “‘नाही’वर कर.”

तिने धाकट्याकडे बघितलं. बुटाची नाडी सुटल्यासारखा तो खाली बघत होता. बूट तर दाराबाहेर होते. तो नुसताच पायाकडे बघत होता. मधलीने ‘नाही’वर खूण केली. दोघांनी खाली सह्या केल्या, बापाच्या हाताखाली गिरवलेल्या एकसारख्या वळणाच्या सह्या.

“आणि हे नुसतं कागदावरचं समजू नकोस,” थोरला म्हणाला. “रविवारी यायचं नाही.”

आतून आईची हाक आली. “धाकटा आलाय ना रे? आवाज ओळखला मी! ये की आत!” धाकटा उठून आत गेला. आईचं रडणं ऐकू आलं, मग हसणं. मधली पुढच्या खोलीत उभी होती. कुणी तिला आत ये म्हटलं नाही, आणि आईच्या त्या आनंदात तिचं नाव एकदाही आलं नाही. वहिनीने दार उघडून धरलं. मधली घरी आली, खाटेवर बसली आणि चार वर्षांत न रडलेलं सगळं रडली. रडता रडता खाटेखालचे ब्रश पायाला टोचत होते.

दुकानं उघडली. पुढे दोन्हींचं एक दुकान झालं. कारखाना आणि ठसा, नऊ वर्षांनी एका छपराखाली. लोक म्हणाले, भाऊ असावेत तर असे. ऐकून मधलीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तिच्याकडे इतर चार दुकानांचं काम होतं, पोट भरत होतं. रविवार मात्र सरता सरत नसे. अकरा वाजले की ती हात धुवायची, आणि मग काय करायचं ते तिला सुचायचं नाही. वहिनीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा, “त्या झोपल्यात वन्सं.”

तेराव्या रविवारी तिने आपला स्वतःचा फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रॉक्सीशिवाय, प्रोफाइलशिवाय, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खोलीच्या पत्त्यावर भावांच्या दुकानातून एक ब्रश मागवला. खाटेखाली शंभर पडले होते, पण ते तिने घेतलेले नव्हते, मास्तराने घेतले होते आणि नव्या नवरीने. चौथ्या दिवशी ब्रश आला. ठसा तिरका उठलेला. कोटावर दोन हात मारले तर केस गळून कोटालाच चिकटले. बापाने असला ब्रश चुलीत घातला असता.

मधलीने एक तारा दिला. पहिला, चार वर्षांतला. आणि लिहिलं, ‘केस गळतात. ठसा वाकडा आहे. बनवणाऱ्यांना कामाची लाज नाही.’ लिहून तिला फार बरं वाटलं.

दहा मिनिटांत कंपनीचं उत्तर आलं. तुमचा रिव्ह्यू घेता येत नाही. दुकानदाराच्या घरच्या माणसांची मतं आम्ही छापत नाही. तुमचा फोन या दुकानदाराच्या घरच्या वायफायला अनेक वर्षं नियमित जोडलेला आढळला आहे.

मधलीने ते तीनदा वाचलं. दोन सख्ख्या भावांनी सह्या करून सांगितलं होतं की ही आमची कुणी नाही. आणि त्या मुक्या-बहिऱ्या यंत्राने तिचे सगळे रविवार मोजून ठेवले होते. ती आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं, कारण तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती गोष्ट कचेरीत घासून निघालेल्या बाईच्याच लक्षात येण्यासारखी होती. तिने ते उत्तर छापून घेतलं. दोन प्रती काढल्या.

रविवारी अकरा वाजता तिने थोरल्याची बेल दाबली. वहिनीने दार बोटभर उघडलं. “वन्सं, तुम्हाला सांगितलंय ना—”

“दादाला बोलवा. धाकटा असेल तर त्यालाही.”

दोघं आले. तिने एकेकाच्या हातात एकेक कागद दिला.

“वाचा. कंपनी म्हणते मी घरची आहे. तुम्ही सही करून दिलंय की घरची नाही. तुमचं पत्र मीच लिहिलंय, माझ्याकडे ते आहे. दोन्ही कागद एका पाकिटात घालून पाठवले तर दुकान बंद व्हायला किती दिवस लागतील, विचारा. मला माहीत आहे, म्हणून सांगते. तीन. आणि या वेळी ते उघडणार नाही. खोटी सही दिलेल्याला कंपनी दुसऱ्यांदा उभं करत नाही.”

थोरल्याचा चेहरा लाल झाला. “तू सख्ख्या भावांना धमकी देतेस?”

“हो दादा, धमकीच देते.”

“ताई, असं काय करतेस,” धाकटा म्हणाला.

“ताई म्हणू नकोस. तो शब्द तू त्या चौकोनात घालून आलास.” बोलता बोलता तिने चपला काढल्या. “मला तुमचं दुकान नको, ठसा नको, तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको. दर रविवारी अकरा ते बारा. एक रविवार जरी दार बंद दिसलं तरी पाकीट जाईल.”

थोरल्याने कागद चुरगळला, मग मूळ उत्तर मधलीकडेच आहे हे आठवून पुन्हा सरळ केला. वहिनी दारातून बाजूला झाली.

आई पलंगावर पाठ टेकून बसली होती. मधलीने स्टूल ओढलं, कोमट पाण्याचं भांडं आणलं. आईने हात पुढे केले. बोटांची नखं कापलेली होती, कशीबशी, वेडीवाकडी. फक्त उजवा अंगठा मुठीत दाबलेला होता. आईने मूठ उघडली. अंगठ्याचं नख वाढून वळलं होतं.

“थोरली सून कापायला यायची,” आई म्हणाली. “बोटं दिली तिला. हा नाही दिला.”

मधली त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“बघत काय बसलीस? पांघरुणात अडकतो मेला. नीट काप. मागच्या वेळी अर्धवट टाकून पळालीस.”

मधलीने तो अंगठा धरला आणि पाण्यात बुडवला.